पैलखंडाची रेघ

"गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास," नानांनी पोस्टकार्ड तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. "सुमारास म्हणजे दहालाच. मोठी माणसं अशीच लिहितात."

आई ओसरीवर कुळीथ पाखडत बसली होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "कुठे येणार म्हणे? इथे वेळशीला, की समुद्रात बुडालेल्या तुमच्या त्या गावाला?"

"गाव नव्हे गं. खंड."

"तेच ते. तिथे चहा कोण टाकणार?"

मला हसू फुटलं आणि नानाही हसले. एरवी या थट्टेवर ते गप्प होऊन आत निघून जायचे. त्या दिवशी त्यांना कोणीही काहीही बोलावं आणि त्यांनी ते हसण्यावारी न्यावं, असा त्यांचा चेहरा होता.

सदुसष्ट सालचा फेब्रुवारी होता तो. मी एकोणीस वर्षांची होते. नाना, म्हणजे माझे वडील केशव मयेकर, बंदर खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. धक्क्यावर एक मोजपट्टी रोवलेली होती. तिच्यावरून भरती-ओहोटीचं पाणी वाचायचं आणि वहीत उतरवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. ते करता करताच त्यांच्या मनात पैलखंड शिरला. पाणी एवढंसं का होईना चढतंय, असं त्यांना त्या आकड्यांत दिसायला लागलं. मग खोल पाण्यातल्या जाळ्यात एकदा झाडाचं खोड आलं. मच्छीमारांच्या होडीवरचा जुना एक तांडेल म्हणाला, की आमचा आजा सांगायचा, पूर्वी इथून पश्चिमेला तीन दिवस चालत जाता यायचं. नानांनी हे सगळं एकत्र बांधलं. समोर आज जो समुद्र आहे तिथे एक मोठा भूखंड होता, तो बुडाला, तिथली माणसं होड्यांतून आपल्या किनाऱ्याला लागली आणि त्यांनी आपल्या देशाची आठवण गावामागच्या सड्यावर कोरून ठेवली, असं त्यांचं म्हणणं. त्या देशाला नाव त्यांनीच दिलं होतं.

सड्यावरची चित्रं मात्र खरी होती. चढण चढून वर गेलं की जांभ्या दगडाचं काळं पठार लागतं, नजर पोचेल तिथवर. त्या कातळात खोदलेले मासे होते, मोर होते, कुणीच न पाहिलेलं एक प्रचंड जनावर होतं. गावात त्यांना पांडवांची चित्रं म्हणत आणि गुरं त्यांच्यावरून चालत. नानांनी एकेक शोधून त्रेसष्ट चित्रं मोजली. रेघांत रांगोळी भरायची आणि मी ती चौकटीच्या कागदावर उतरवायची, ही आमची पद्धत. माझा हात स्थिर, त्यांचा कापायचा. नऊ वह्या भरल्या होत्या.

त्यांतल्या एका आकृतीवर नानांचा सगळा जीव होता. पंचवीस हात लांबीची, वेडीवाकडी, आत घुसलेल्या खाड्यांसारखी वाकणं असलेली. ती पैलखंडाचा नकाशा, असं ते म्हणत. पण दक्षिणेच्या टोकाला तिची रेघ तुटलेली होती. दोन्हीकडून येऊन ती मध्येच थांबायची आणि पुढे नुसता सपाट कातळ. नानांच्या हिशेबाने तिथे जमिनीची एक निमुळती शेपटी असायला हवी होती. वहीत त्यांनी ती तुटक टिंबांनी काढायला लावली होती. मीच काढली होती.

पुण्याच्या डॉ. खांडेपारकरांना त्यांनी सात पत्रं लिहिली. हे प्राचीन वस्तूंचे मोठे अभ्यासक. सातव्या पत्राला हे पोस्टकार्ड आलं होतं. मालवणकडे जाता जाता तासभर थांबेन, असं त्यात होतं, आणि खाली दोन ओळी: आकृतींमध्ये रांगोळी, चुना असं काही भरू नये. नकाशा म्हणता त्या आकृतीची रेघ बंद होते का, ते पाहून ठेवावे. अर्धवट आकृतीला नकाशा म्हणणे कठीण.

"मग काय सांगणार तुम्ही?" मी विचारलं.

"काय सांगणार? रेघ तुटलीये म्हणून सांगणार."

"ते म्हणतील, मग हा नकाशा नाही."

"म्हणू देत." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "तीस वर्षं मी पाणी लिहिलं शालन. एक इंच खोटा लिहिला नाही. नाही ते नाहीच म्हणायचं." मग थोड्या वेळाने, मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते म्हणाले, "पण ती शेपटी मिळायला हवी होती."

मला ते ऐकू गेलं, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नानांचा गुडघा त्या आठवड्यात सुजला होता. गुरुवारच्या चढणीसाठी पाय राखून ठेवायचे म्हणून ते घरीच बसले, आणि चित्रांवरचं वाळकं गवत झाडून यायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी दुपारी मी केरसुणी घेऊन निघाले ती आधी गोविंद माटलच्या खाणीवर गेले. गोविंद घरं बांधायचे चिरे काढायचा. माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे येणं-जाणं होतं त्याचं.

"गोविंदा, तुझी टाकी देशील दोन दिवस?"

"टाकी? कशाला गो बाय तुला टाकी?"

"पाटा गुळगुळीत झालाय. वाटण वाटलंच जात नाही. आई म्हणते टाके घालायला हवेत."

"मंग मी येतो की सांजच्याला. पोरीबाळींचं काम हाय काय ते?"

"मला शिकायचंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसून त्याने टाकी आणि छोटा हातोडा माझ्या केराच्या टोपलीत टाकला. "बोट सांभाळ. उद्या लगीन ठरायचं, न् थोट्या हाताची नवरी."

सोमवार आणि मंगळवार, दोन दुपारी मी त्या कातळावर बसले होते. सगळं गाव जेवून आडवं झालेलं असतं त्या वेळी. वर फक्त ऊन आणि मी. जांभ्याची वरची साल टणक असते, ती फुटली की आत तो भाकरीसारखा मऊ. नानांच्या टिंबांवरून रेघ कुठून न्यायची हे मला पाठ होतं. तीन हात खाली, एक वळसा, आणि तीन हात वर. दोन्ही टोकं मिळाली तेव्हा माझ्या डाव्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण ताजा खोदलेला जांभा आतून तांबूस-पिवळा असतो, आणि जुन्या रेघा काळ्या. हे मला सुचलं नव्हतं असं नाही. आई घरी काजळ पाडायची ते मी लहानपणापासून बघत आले होते. चुलीवरच्या मडक्याची काजळी खरवडून मी वाटीत आणली होती, त्यात खोबरेल घातलं, आणि चिंधीने सगळ्या रेघेत चोळलं. मुरायला एक दिवस दिला, वर धूळ टाकली. बुधवारी जाऊन पाहिलं तर जुनी रेघ कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, ते मलाही कळेना.

"अंगठ्याला काय केलंस?" आईने विचारलं.

"विळीवर कापलं."

"लक्ष कुठे असतं? तुझं पण बुडालं काय खंडात?"

गुरुवारी दहा वाजून गेल्यावर जीप आली. डॉ. खांडेपारकर उंच, सावळे, डोक्याला पांढरी टोपी, आणि बोलायला अगदी मृदू. चहा घेतला, आईच्या हातच्या आंबोळीचं कौतुक केलं. जीप सड्याच्या मागच्या कच्च्या रस्त्याने वर नेता आली, त्यामुळे नानांना चढावं लागलं नाही. आम्ही तिघेच होतो, आणि ड्रायव्हर जीपपाशी थांबला.

पहिल्या माशापाशी डॉक्टर थबकले. मोरापाशी ते गुडघ्यावर बसले. त्या मोठ्या जनावराभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, टोपी काढून हातात घेतली.

"मयेकर," ते म्हणाले, "तुमचं ते बुडालेल्या खंडाचं मला पटलेलं नाही. पटणारही नाही. समुद्राखाली असं खंड-बिंड काही नाही."

"हो, ते तुम्ही लिहिलं होतंत," नाना म्हणाले.

"पण हे..." त्यांनी हात पसरला. "हे मी कुठे पाहिलेलं नाही. हे फार जुनं असू शकेल. फारच जुनं. अशी किती आहेत म्हणालात?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट! आणि एकटे हिंडून शोधलीत?"

"ही असते बरोबर," नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही.

मग आम्ही नकाशापाशी आलो. नाना आधीच सांगायला लागले, "इथे मात्र डॉक्टरसाहेब, तुमची शंका बरोबर आहे. दक्षिणेला ही रेघ..." आणि ते थांबले.

ते खाली वाकले. सुजलेला गुडघा कातळावर टेकून त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, आणि बोट पुढे पुढे सरकत गेलं, तीन हात खाली, वळसा, पुन्हा वर.

"मिळाली," ते म्हणाले. "अहो, मिळाली! गवताखाली होती. इतकी वर्षं मी इथे... शालन, बघ गं! तू झाडलंस म्हणून दिसली. डॉक्टरसाहेब, आईशप्पथ सांगतो, मला ही आजवर दिसली नव्हती!"

माझ्या वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, आपण जगात याहून चांगलं काही केलेलं नाही.

डॉक्टर हसले. "छान. पाहू या नीट." आणि त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "पाण्याचा कॅन आण रे."

आम्ही रांगोळी भरायचो. पाणी ओतायचं आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या सड्यावर उन्हाळ्यात थेंब मिळत नाही. खालून कळशी वर आणायची तर प्यायला पुरायची मारामार. डॉक्टर मात्र सगळीकडे तसंच करत असत. पाणी ओतलं की कातळ ओला होतो, रेघा उठून दिसतात. त्यांनी वरच्या बाजूने पाणी सोडलं. जुन्या रेघेत ते गेलं आणि जांभ्याने प्यायलं. मग ते शेपटीत उतरलं. आणि तिथे ते जिरलं नाही. अळवाच्या पानावर राहावं तसं ते गोल गोल थेंब होऊन राहिलं आणि उतारावरून घरंगळत गेलं.

डॉक्टर बराच वेळ त्या थेंबांकडे बघत होते. त्यांनी रेघेत बोट घासलं. बोट काळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"खोबरेल," ते म्हणाले.

नानांना कळेना. ते एकदा त्या बोटाकडे बघत, एकदा डॉक्टरांकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. अंगठ्यावरची हळद लावलेली चिंधी त्यांना दिसली. माणसाच्या चेहऱ्यावरून उजेड जातो म्हणतात, तो जाताना मी समोर उभी राहून पाहिला.

"मयेकर, हे कोणी केलं?"

माझं तोंड उघडलं होतं. मी शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण त्यातून शब्द यायच्या आधी नाना म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"हो. मीच."

"आणि हे मघाचं रडणं?"

नाना कातळावरून कसेबसे उठले.

"बाकीची चित्रं?"

"ती जुनी आहेत, डॉक्टरसाहेब. ती खरंच जुनी आहेत."

"ते आता मी कोणाच्या भरवशावर मानू?" डॉक्टर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालाला बोट पुसलं, टोपी घातली. "नाटक छान करता तुम्ही. मला सुद्धा भरून आलं होतं."

जीप आम्हाला खाली सोडायला तयार होती. नाना नको म्हणाले. त्या सुजलेल्या गुडघ्यानिशी ते सगळी उतरण चालत उतरले, मी त्यांच्या मागे. दारात आईने विचारलं, "काय म्हणाले?" नाना म्हणाले, "त्यांना उशीर होत होता."

पुढे त्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात तळटीप आली. वेळशीच्या सड्यावरील कोरीवकाम अलीकडचे असून स्थानिक हौशी गृहस्थाच्या हातचे दिसते; एक आकृती आपण खोदल्याची त्यांनी कबुली दिली. कोणीतरी ते गावात आणून वाचलं. मग दुकानावर नाना दिसले की सुरू व्हायचं, "काय नाना, आमच्या अंगणात एक हत्ती कोरून द्या की." दुसरा म्हणायचा, "हत्ती नको, बुडेल." नाना सामान घेऊन परत यायचे. वह्या त्यांनी माळ्यावर टाकल्या आणि सड्यावर परत कधी गेले नाहीत.

टाकी परत द्यायचा धीर मला त्यानंतरच झाला. मी गेले तेव्हा गोविंद चिरा तासत होता. मान वर न करता म्हणाला, "नाना खोटं बोलला."

मी टाकी आणि हातोडा त्याच्यापुढे ठेवला.

"टाकी तर मी तुज्या हातात दिली व्हती."

"कोणाला सांगू नकोस, गोविंदा."

"मी कशाला सांगू? माजा बाप हाय काय तो? तूच सांग."

मी नाही सांगितलं. उद्या सांगू, म्हणत राहिले. त्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मग ज्याच्या त्याच्या तोंडी, मुलगी कशी शांत, कशी सालस. त्यात हे कुठे सांगायचं?

आता मला सत्याहत्तरावं चालू आहे. अलीकडे सड्यावर शिकलेली मुलं-मुली येतात, उडणारे कॅमेरे घेऊन. ती चित्रं हजारो वर्षांपूर्वीची आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातली एक मुलगी माझा पत्ता काढत घरी आली. म्हणाली, "आजी, खंडाचं सोडून द्या, पण त्रेसष्ट चित्रं पहिल्यांदा मोजली ती तुमच्या वडिलांनी. त्यांचे काही कागद आहेत?" मी तिला नऊच्या नऊ वह्या दिल्या. एक कागद तेवढा दिला नाही. त्याचं सांगते.

एकाहत्तर साली मी पहिल्या बाळंतपणाला वेळशीला आले. नानांना तेव्हा हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळवलं होतं. बोलताना धाप लागायची. एका सकाळी आई परसात होती, मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी वाटी बाजूला सारली.

"शालन, एक विचारू?"

माझ्या हातातला चमचा थांबला. चार वर्षांत त्या दिवसाबद्दल त्यांनी मला चकार शब्द विचारला नव्हता.

"का केलंस ते नाही विचारत," ते म्हणाले. "ते मला कळलंय. दुसरंच विचारतोय. तू टाकी लावलीस, त्याच्या आधी तिथे काही होतं का? पुसटसं? एखादी खूण?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उशीवरून अर्धे उठले होते. चार वर्षं हा माणूस याच एका प्रश्नावर जगत होता, हे मला त्या क्षणी कळलं. सपाट कातळ होता, नाना. तिथे काही नव्हतं. ती रेघ तुमच्या वहीतली होती.

"होती," मी म्हटलं.

"दिसत होती?"

"दिसत नव्हती. बोटाला लागायची. मी नुसती खोल केली."

ते मागे टेकले. डोळे मिटून घेतले. "तरी मी म्हणतोय," ते म्हणाले. "माझी मुलगी नाही ते कशाला कोरेल?"

थोड्या वेळाने त्यांनी कागद मागवला. सांगतो ते लिही म्हणाले, आणि मी लिहिलं. सन्माननीय डॉ. खांडेपारकर यांस. त्या दिवशी मी खोटे बोललो, क्षमा असावी. ते काम माझ्या मुलीने केले. परंतु मूळ रेघ तेथे होती, तिने ती केवळ खोल केली. ती स्वतः तुम्हाला जागा दाखवील. एकदा पुन्हा यावे. खाली त्यांनी सही केली. हात कापत होता, म्हणून दोनदा गिरवली.

टपालाची पेटी दुकानाच्या भिंतीला होती. मी आठ महिन्यांची पोटुशी, सावकाश चालत गेले. पेटीच्या तोंडाशी पाकीट नेलं आणि उभी राहिले. पत्र गेलं की डॉक्टर मला विचारणार. ती स्वतः जागा दाखवील, असं लिहिलं होतं. कुठली जागा दाखवणार होते मी? दुकानातून हाक आली, "काय शालनताई, कोणाला पत्र? मालकांना?" मी हो म्हटलं आणि पाकीट पदराआड धरून परत फिरले.

"टाकलंस?" नानांनी विचारलं.

"टाकलं."

त्यांच्या अंगात जरा जीव आला. भरतीच्या वेळा काढायचे तसा त्यांनी हिशेब मांडला. पुण्याला पोचायला तीन दिवस. वाचून विचार करायला चार. उत्तर यायला तीन. अकरा वाजले की ते मान दाराकडे वळवायचे. पोस्टमन पुढच्या घरी निघून गेला की म्हणायचे, "आलं का गं?"

"अजून नाही, नाना."

"मोठी माणसं. त्यांना कामं असतात."

दहा दिवस झाले, पंधरा झाले. आई म्हणायची, "एवढी कोणाची वाट बघताय?" तर ते नुसते हसायचे. आमच्या दोघांचं गुपित आहे, अशा नजरेने ते माझ्याकडे पाहायचे. एकविसाव्या दिवशी त्यांना जास्त झालं. गावातला डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. अकराच्या सुमाराला त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा डावा हात हातात घेतला, आणि अंगठा चाचपून बघितला. तिथे नुसता पांढरा वण राहिला होता.

"उत्तर येईल," ते म्हणाले. "मी नसलो तरी त्यांना सड्यावर ने. घाई करू नकोस. पाणी-बिणी ओतू देऊ नकोस. त्यांचं बोट धर आणि जिथे लागत होती ना तुला, तिथे ठेव. म्हणजे त्यांना कळेल."

"हो, नाना," मी म्हटलं.

"जागा आठवतेय ना?"

"आठवतेय."